कुशनवरचं कातडं आणि त्याचा पत्ता

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन, योहान्सबर्ग किंवा नामिबियातल्या विंडहूकमधल्या गृहसजावटीच्या दुकानात स्प्रिंगबॉक या तिथल्या कुरंगाच्या केसाळ कातडीचं कुशन हमखास दिसतं. मध्ये पाठीवरचा दालचिनी रंग, दोन्ही कडांना कुशीवरचा गडद तपकिरी पट्टा, आणि कारागिराने कातडी विचार करून बेतली असेल तर एका टोकाला शेपटीकडच्या लांब पांढऱ्या केसांचा तुरा. शेजारीच झेब्र्याचं आणि कुडू, इम्पाला या तिथल्याच कुरंगांचं कुशन. पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना ते सुंदर आणि त्या भूमीशी इमान राखणारं वाटतं, काहींना त्याकडे बघवत नाही. दुकानदाराकडे मात्र दोघांसाठी एकच उत्तर असतं: हे मांसाबरोबर आपोआप निघणारं कातडं आहे, कुशन केलं नसतं तर वायाच गेलं असतं.

हे उत्तर स्प्रिंगबॉकच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं असतं. झेब्र्याच्या बाबतीत ते अर्धवट असतं आणि जिराफाच्या बाबतीत तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही आणि 'वाया गेलं असतं' या वाक्यावर दिलेली सरसकट मोकळीकही पटत नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कुशनवर प्राण्याची जात, तो ज्या जमिनीवर मारला गेला तिचा परवाना क्रमांक आणि कातडी कमावण्याची पद्धत लिहिलेली असली पाहिजे. हे लिहिणं कायद्याने सक्तीचं होत नाही तोवर गिऱ्हाइकाने झेब्रा आणि जिराफाच्या कुशनला हात लावू नये. स्प्रिंगबॉकचं घ्यायला हरकत नाही, पण ते कशासाठी वापरायचं हे समजून घेऊन.

कातड्यांच्या व्यापाराने दक्षिण आफ्रिकेत काय केलं हे आधी मान्य करायला हवं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गवताळ पठारांवरून ब्लेसबॉक आणि काळे विल्डबीस्ट ही कुरंगं आणि क्वागा यांची कातडी गाड्या भरभरून बंदरांकडे गेली. क्वागा हा अंगाच्या पुढच्या भागावरच पट्टे असलेला झेब्रा. त्याच्या कातडीची धान्याची पोती शिवली जात. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. बॉन्टेबॉक हे काळवीटासारखंच देखणं कुरंग १७ जनावरांवर आलं, तेव्हा १९३१ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान काढावं लागलं. केप माउंटन झेब्र्यासाठी १९३७ मध्ये क्रॅडॉकजवळ दुसरं. काळा विल्डबीस्ट तर काही शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीवर राखला म्हणून उरला. त्या काळी जंगली जनावर कोणाच्याच मालकीचं नव्हतं, त्यामुळे ज्याची बंदूक त्याचं कातडं.

चित्र बदललं ते मालकी बदलली तेव्हा. नामिबियात १९६७ पासून खाजगी शेतकऱ्याला आपल्या जमिनीवरच्या वन्य चरणाऱ्या प्राण्यांवर हक्क मिळाला. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या १०५ क्रमांकाच्या कायद्याने असं ठरवलं की ज्याने आपल्या जमिनीला पुरेसं कुंपण घातलं आहे आणि तसा दाखला मिळवला आहे, त्याची जनावरं कुंपणाबाहेर गेली तरी मालकी त्याचीच. मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने गणित मांडलं आणि हजारोंनी मेंढ्या काढून वन्य प्राणी ठेवले. आज तिथे असे सुमारे ९,००० मळे आहेत आणि त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. नामिबियात १९९६ च्या दुरुस्तीनंतर हाच हक्क गावसमूहांना मिळाला. १९९८ मध्ये अशा पहिल्या चार सामूहिक संवर्धन क्षेत्रांची नोंदणी झाली, आज ती ऐंशीहून अधिक आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूसारख्या कोरड्या मुलखात, जिथे पाऊस वर्षाला दोन-तीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, स्प्रिंगबॉक तिथल्याच झुडपांवर जगतो आणि पाण्यावाचून बराच काळ काढतो. मेंढीने उघडी पाडलेली जमीन त्याच्याखाली काही प्रमाणात सावरते. त्याचं मांस विकलं जातं म्हणूनच ती जमीन त्याच्यासाठी राखली जाते. हे ज्यांना आवडत नाही त्यांनी मांसाला पर्याय सुचवायला हवा. कुशनवर राग काढून ती जमीन राहणार नाही.

आता 'आपोआप निघणारं कातडं' हा दावा तपासायचा कसा? कातड्याची किंमत आणि मांसाची किंमत शेजारी ठेवायची. स्प्रिंगबॉक जिवंतपणी साधारण ३० ते ४० किलोचा, त्याचं सोललेलं धड १५ ते २० किलोचं. बिल्टाँग या वाळवलेल्या मांसाच्या पदार्थासाठी आणि निर्यातीसाठी या मांसाला चांगली मागणी असते. कच्च्या कातड्याला मिळणारी रक्कम त्यापुढे इतकी किरकोळ की मीठ, मजुरी आणि शहरापर्यंतची वाहतूक धरली तर अनेक शेतकरी ते खड्ड्यात पुरून मोकळे होतात. इथे कातड्यासाठी कोणी गोळी झाडत नाही. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात, मांस आणि कातडं दोन्ही खराब होऊ नये म्हणून डोक्यात गोळी मारणारी प्रशिक्षित पथकं मांसासाठीच येतात. थंडीत, मे ते ऑगस्टमध्ये, हे काम चालतं आणि योगायोगाने केस दाट असण्याचा काळही तोच.

झेब्र्याचं गणित उलटं आहे. त्याचं मांस खाल्लं जातं, पण त्याला स्प्रिंगबॉकसारखी पत नाही. मोल आहे ते पट्ट्यांच्या कातडीला. अख्खी, डागविरहित कातडी गालिचा म्हणून जाते. कुशन होतं ते दुय्यम प्रतीच्या कातडीचं. नर एकमेकांना चावतात, लाथा मारतात, काटेरी तारेत अडकतात, गोचिड्यांनी केस जातात, त्यामुळे अशी कातडी खूप निघते. डाग टाळून तिचे चौकोन कापले की तीही विकली जाते. म्हणजे झेब्र्याचं कुशन हे मांसाचा उरलेला भाग नसून गालिच्याचा उरलेला भाग आहे, आणि ते विकलं गेलं की डागी जनावर मारणंही परवडायला लागतं. याला अपवाद असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नामिबिया सरकारने भीषण दुष्काळात लोकांना मांस पुरवण्यासाठी ७२३ वन्य प्राणी मारायचा निर्णय घेतला. त्यात ३०० झेब्रे होते. अशा वेळी निघालेलं कातडं वाया जाऊ देणं चूकच. पण दुकानातलं कुशन त्या ३०० पैकी एकाचं आहे की गालिच्यासाठी मारलेल्याचं, हे नुसत्या कुशनकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे आणि त्याकडे पुन्हा येतोच, पण त्याआधी कातडीचं कुशन होतं कसं ते पाहायला हवं. 'वाया गेलं असतं' म्हणणारे लोक जे कुशन विकतात ते दोन वर्षांत टक्कल पडून कचऱ्यात जात असेल तर वाया जाणं फक्त पुढे ढकललं जातं.

सगळं पहिल्या काही तासांत ठरतं. जनावर पडल्यावर कातडीतले जिवाणू लगेच कामाला लागतात आणि केसांच्या मुळांशी पकड सैल होते. ऊन असेल तर काही तासांत पोट, काख आणि जांघ इथले केस चिमटीत येऊ लागतात. एकदा केस सुटायला लागले की नंतर कोणतंही रसायन ते धरून ठेवत नाही. म्हणून सोलल्याबरोबर कातडीवरचं मांस, चरबी आणि पातळ पापुद्रा खरवडून काढावा लागतो, कारण चरबीच्या थराखाली मीठ पोचत नाही. मग केस खाली करून कातडी पसरायची आणि बारीक मीठ चोळायचं, कातडीच्या वजनाच्या निदान निम्मं, जमल्यास बरोबरीचं. कान, पाय आणि कडांच्या घड्या उलगडून तिथे बोटांनी मीठ भरायचं, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. एका दिवसाने सुटलेलं पाणी आणि लालसर झालेलं मीठ झटकून नवं मीठ लावायचं. जुनं मीठ परत वापरलं तर त्यातले जिवाणू नव्या कातडीत जातात. वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. उन्हात टाकलेली कातडी वरून कडक छान दिसते, पण उष्णतेने आतले तंतू शिजल्यासारखे होतात, चरबी वितळून पसरते, आणि पुढे भिजवल्यावर ती जागोजागी फाटते. कारूतल्या शेतावर मजूर कमी आणि हंगामात जनावरं खूप, त्यामुळे मिठाची घाई होते. बाजारातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या घाईत असावं असं मला वाटतं.

कमावणाऱ्याकडे आल्यावर कातडी जंतुनाशक घातलेल्या पाण्यात भिजवून मऊ करतात आणि मग मीठ व आम्लाच्या द्रावणात ठेवतात. आम्ल इतकं की सामू (pH) २ च्या आसपास यावा, आणि मीठ दर लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास. मीठ कमी पडलं तर आम्लाने कातडी फुगते आणि तिचा पोत कायमचा बिघडतो. इथे दोन-चार दिवस राहिल्यावर ती मांसाकडच्या बाजूने तासून एकसारखी पातळ करतात. त्यानंतर खरं कमावणं. तुरटीने कमावलेली कातडी पांढरीशुभ्र आणि मऊ निघते, पण ती पाण्याला टिकत नाही. ओली झाली की तुरटी निघून जाते आणि वाळल्यावर पुठ्ठ्यासारखी कडक होते. क्रोमियमच्या क्षाराने कमावलेली टिकाऊ असते. तिची मागची बाजू निळसर राखाडी दिसते आणि छोटीशी पट्टी उकळत्या पाण्यात टाकली तरी ती आक्रसत नाही, तुरटीची मात्र लगेच वळून जाते. क्रोमियमचं सांडपाणी नीट हाताळलं नाही तर नाल्याचं वाटोळं होतं, ही त्या टिकाऊपणाची किंमत.

तिसरा मार्ग झाडाच्या सालीचा. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात. तिकडे क्वाझुलू-नाताळमध्ये मूळची ऑस्ट्रेलियातली, बाभळीच्याच कुळातली ब्लॅक वॉटल लावतात आणि तिच्या सालीचा अर्क जगभर जातो. चपलेच्या तळव्यासाठी तो उत्तम आहे. पण केस राखून कमावताना सालीचा रंग केसांनाही चढतो. तेव्हा शुभ्र पांढऱ्या तुऱ्याच्या कुशनवर 'संपूर्ण वनस्पतिजन्य' असं लिहिलेलं दिसलं तर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी मागची बाजू पाहू द्या म्हणून सांगावं.

कमावल्यावर तेल मुरवणं, अर्धवट ओली असताना ताणून मऊ करणं आणि लाकडाच्या भुशाबरोबर पिंपात फिरवून केस स्वच्छ करणं. स्प्रिंगबॉकच्या पाठीवरच्या त्या पांढऱ्या तुऱ्याकडे इथे वेगळं लक्ष द्यावं लागतं. जिवंतपणी तो एका घडीत मिटलेला असतो, जनावर उसळ्या मारू लागलं की उघडतो, आणि त्या घडीतल्या ग्रंथींतून गोडसर वासाचा मेणचट स्राव निघतो. तो साबणाने पूर्ण काढला नाही तर तुरा पिवळट पडतो आणि दमट घरात त्याला वास येतो.

शिवण्यात होणाऱ्या चुका नेहमीच्या आहेत. कापायचं ते मागून, धारदार पात्याने, फक्त कातडी कापत. कात्री चालवली की केसही कापले जातात आणि शिवणीलगत ओरखडा काढल्यासारखी रेघ दिसते. ४५ सेंटिमीटरच्या कुशनला ४७ चा चौकोन, पाठीची रेघ बरोबर मध्यावर, केसांची दिशा खाली. एका स्प्रिंगबॉकच्या कातडीत असा एकच चांगला चौकोन बसतो. पोट आणि पाय इतके पातळ की तिथला तुकडा ताण सोसत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी कातडी असलेलं कुशन म्हणजे दोन जनावरं, आणि दुसरी बाजू सोफ्याला टेकलेली, कोणालाही न दिसणारी. मागे जाड सुती कापड लावणं हीच समजूतदार पद्धत. टाका चार-पाच मिलिमीटरचा हवा. कापडासारखा बारीक टाका घातला तर भोकांची ओळ तयार होते आणि कातडी त्या ओळीवर टपाल तिकिटासारखी फाटते. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा, कारण कातडीत उरलेल्या आम्लाने सुती दोरा काही वर्षांत कुजतो. चेन कापडाच्या बाजूला, आणि आतली उशी ठासून भरलेली नको.

एवढं सगळं केलं तरी स्प्रिंगबॉकचा केस हा गाईच्या केसासारखा नाही, ही गोष्ट दुकानात क्वचित सांगतात. तो आतून पोकळ आणि ठिसूळ असतो. थंडीत ऊब धरायला हे उत्तम, पण रोज पाठ टेकली की केस मुळाशी तुटतात. ते गळत नाहीत, तुटतात, त्यामुळे चांगल्या कमावणाऱ्याच्या कातडीलाही हे चुकत नाही. ही वस्तू बघायची आहे, रेलायची नाही. विकणाऱ्याने हे न सांगणं मला गैर वाटतं, कारण एका जनावराचं कातडं कितीही उरलेलं असलं तरी दोन वर्षांच्या वापरासाठी नाही.

आता पत्त्याकडे. अख्ख्या कातडीला ओळख असते. डोकं, आयाळ, पाय, शेपूट यांवरून जात सांगता येते, आणि परवान्याचा बिल्ला तिला अडकवता येतो. चौकोन कापला की हे सगळं जमिनीवरच्या कतरणीत जातं. झेब्र्यापुरतं बोलायचं तर हा फरक फार गंभीर आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स हा करार आहे. त्याच्या परिशिष्ट १ मधल्या जातींवर सर्वांत कडक बंधनं असतात, परिशिष्ट २ मधल्यांचा व्यापार परवान्याने चालतो. मैदानी झेब्रा या कराराच्या यादीत नाही, म्हणून त्या कराराखाली त्याला निर्यात परवाना लागत नाही. नामिबियाचा हार्टमान माउंटन झेब्रा परिशिष्ट २ मध्ये आहे, त्याला लागतो. केप माउंटन झेब्रा २०१६ पर्यंत परिशिष्ट १ मध्ये होता, नंतर २ मध्ये आला. उत्तर केनिया आणि इथियोपियातला ग्रेव्ही झेब्रा आजही परिशिष्ट १ मध्ये आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो सुमारे १५,००० होता, आता ३,००० च्या आसपास आहे आणि त्या घसरणीत कातड्यांसाठी झालेल्या शिकारीचा मोठा वाटा होता. जिवंतपणी या जाती ओळखणं अवघड नाही. दक्षिणेकडच्या मैदानी झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यात बऱ्याचदा फिकट तपकिरी सावलीचा पट्टा असतो. माउंटन झेब्र्याचं पोट पांढरं, गळ्याला लोंबती पोळी आणि कमरेवर आडव्या रेघांची जाळी. ग्रेव्हीचे पट्टे अरुंद आणि दाट. पण खांद्यावरून काढलेला ४५ सेंटिमीटरचा तुकडा हातात आला की यातल्या किती खुणा उरतात? ज्या वस्तूवर सीमाशुल्क अधिकाऱ्याला जात ठरवता येत नाही, ती वस्तू बेकायदा कातडं लपवायला सगळ्यांत सोयीची असते.

जिराफाचंही तेच. २०१९ मध्ये तो परिशिष्ट २ मध्ये आला, तोवर त्याच्या कातड्याच्या उशा, पिशव्या, बाकांची आवरणं यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची जागतिक नोंदच ठेवली जात नव्हती. परिशिष्टात आल्याने निदान मोजणी सुरू झाली. पण मोजणी तुकड्यांची होते आणि एका जिराफाचे किती तुकडे झाले हे कागदावरून कळत नाही.

यावर उपाय कठीण नाही. मळ्यावर जनावर मारण्याच्या परवान्यालाच एक क्रमांक असतो. कमावणाऱ्याने तो मागच्या बाजूला न जाणाऱ्या शाईने प्रत्येक २० सेंटिमीटरवर छापायचा, म्हणजे कसेही चौकोन कापले तरी क्रमांक कुशनच्या आत राहतो. शिवणाऱ्याने आतल्या चिठ्ठीवर तोच क्रमांक, जात आणि कमावण्याची पद्धत लिहायची. खर्च शाईचा आणि एका शिक्क्याचा. लहान कारागिरांवर बोजा पडेल ही भीती मला निराधार वाटते. त्यांचं नुकसान आज जे होतं ते चीन किंवा ब्राझीलच्या गाईच्या कातड्यावर पट्टे छापून 'झेब्रा' म्हणून विकणाऱ्यांमुळे होतं. असा छापील माल ओळखायलाही गिऱ्हाइकाला केस बाजूला करून मूळ बघावं लागतं. खऱ्या झेब्र्यात काळ्या पट्ट्याचा केस मुळापर्यंत काळा असतो, छापील मालात रंग वरवरचा आणि मुळाशी पांढरा.

मळ्यांच्या बाजूने मी इतका बोललो, तर त्यांच्या एका उद्योगाविरुद्धही बोललं पाहिजे. स्प्रिंगबॉकचा एक नैसर्गिक रंग आहे. दुकानात मात्र काळं, तांबूस आणि पांढरं स्प्रिंगबॉकही मिळतं. हे रंग निसर्गात क्वचित निघतात, आणि ते वाढवण्यासाठी मळेवाल्यांनी निवडक जनावरं लहान कुंपणात वेगळी ठेवून जवळच्या नात्यात पैदास केली. मधल्या काही वर्षांत अशा जनावरांचे भाव गगनाला भिडले आणि गेल्या दशकाच्या मध्यानंतर कोसळले. भाव उतरल्यावर या रंगीत जनावरांची कातडी स्वस्तात बाजारात आली. इथे 'वाया गेलं असतं' हा युक्तिवाद चालत नाही, कारण जनावराची पैदासच रंगासाठी झाली आहे. लहान कुंपणांनी जमिनीचे तुकडे होतात, कळपांची देवाणघेवाण थांबते, आणि महागडं पिल्लू खाईल म्हणून कोल्हा आणि करॅकल रानमांजर मारलं जातं. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने पशुसुधारणा कायद्याखाली तीसपेक्षा जास्त वन्य जाती पाळीव जातींच्या यादीत घातल्या, तेव्हा तिथल्या संवर्धन संस्थांनी याच कारणासाठी कडाडून विरोध केला होता. काळ्या स्प्रिंगबॉकचं कुशन घेऊ नये. ही मागणी घटवणं पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

सरसकट बंदी मागणाऱ्यांना केनियाचा अनुभव विचारात घ्यावा लागेल. केनियाने १९७७ मध्ये शिकार आणि १९७८ मध्ये वन्यप्राण्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद केला. त्यानंतर २०१६ पर्यंत तिथल्या मोठ्या वन्य प्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, आणि त्याच काळात शेळ्यामेंढ्या बेसुमार वाढल्या. बंदीमुळेच हे झालं असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. लोकसंख्या, कुंपणं, दुष्काळ, चोरटी शिकार हे सगळं त्यात आहे. पण बंदीने ते थांबलं नाही एवढं नक्की. आपल्या शेतात चरणाऱ्या झेब्र्यातून एक पैसा मिळत नसेल तर तिथल्या मसाई पशुपालक कुटुंबाने त्याच्यासाठी गवत का राखावं, याला बंदीवाल्यांकडे पर्यटन हे एकच उत्तर आहे, आणि पर्यटक मसाई मारा अभयारण्य सोडून कोरड्या उत्तरेकडे फारसे जात नाहीत. २०२० च्या साथीत तर ते मारातही आले नाहीत.

पर्यटनाला जाणाऱ्यांत आता मराठी कुटुंबंही पुष्कळ असतात, आणि योहान्सबर्ग-केपटाउनमध्ये नोकरीनिमित्त राहणारीही आहेत. भारतात अशी वस्तू आणण्याआधी काही गोष्टी नीट पाहाव्यात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या परिशिष्टांतल्या परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यामुळे हार्टमान झेब्रा किंवा जिराफाचं कुशन परवान्याशिवाय बॅगेत घातलं तर गुन्हा इथेही होतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी आणि मिंक, खोकड, चिंचिला यांची फर आयात करायला २०१७ पासून मनाई आहे. स्प्रिंगबॉक साइट्सच्या यादीत नाही, पण म्हणून विमानतळावर विनाचौकशी सोडतील असं दुकानदाराने सांगितलं तर ते प्रमाण मानू नये. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून किंवा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या पश्चिम विभागाकडून लेखी उत्तर घ्यावं, आणि पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्यावं. ही चौकशी परदेशी वस्तूंपुरतीच ठेवू नये. मुंजीत बटूला मृगाजिनाचा तुकडा देण्याची रीत आपल्याकडे आहे. काळवीट त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तो बोटभर तुकडा खरोखर हरणाचा असेल तर त्याचा पत्ता विचारणंही आपलं काम आहे.

आणि हवेचा विचार. कारूची कोरडी हवा मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात नाही. जून ते सप्टेंबर तुरटीने कमावलेली कातडी हवेतली ओल शोषून घेते, मागच्या बाजूला बुरशी धरते आणि केसांना कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर आतल्या आत घाम धरतो. सुती खोळीत, हवा खेळती राहील अशा कपाटात ठेवावं, पंधरवड्याने बाहेर काढून केसांच्या दिशेने झटकावं. कसर दिसलीच तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतला माल खोलीच्या तापमानाला आला की मगच, नाहीतर दव धरून कातडी भिजते. पाण्याने पुसणं, ड्रायक्लीनिंगला देणं टाळावं.

रोज रेलायला, मुलांनी उड्या मारायला कुशन हवं असेल तर त्याच दुकानात न्गुनी गाईच्या कातडीचं मागावं. दक्षिण आफ्रिकेची ही देशी गाय ठिपक्याठिपक्यांची, दर जनावराचा नकाशा वेगळा, केस आखूड आणि चिवट. तिचं कातडं खरोखर मांसाबरोबरच निघतं, ते कापल्यावर जातीचा घोटाळा होत नाही, आणि चांगलं कमावलेलं असेल तर पंधरा-वीस वर्षं सोबत करतं. भारतात आणताना पावती आणि सीमाशुल्काची चौकशी मात्र तिच्यासाठीही करावी.